खाचा जागच्या जागी, खांब भलतीकडे: बिस्मथ फेराइट-कोबाल्ट फेराइट फिल्ममधला वारंवार येणारा घोटाळा

एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) पडद्यावर हे चित्र आलं की पोटात गोळा येतो. स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या तुकड्यावर आयन बीमने ८०-८० नॅनोमीटरवर पाडलेल्या खाचा, ओळी सरळ, रकाने सरळ. महिन्यापूर्वी अशाच तुकड्यावर लेसरने बिस्मथ फेराइट आणि कोबाल्ट फेराइट या दोन ऑक्साइडांची मिळून पातळ फिल्म वाढवली तेव्हा खाचेगणिक कोबाल्ट फेराइटचा एकेक खांब उभा होता, ठिपके मोजून काढलेल्या रांगोळीसारखा. आज तापमान तेच, ऑक्सिजनचा दाब तोच, लेसरचे पल्स तेवढेच. आणि पडद्यावर बघावं तर काही खाचा मोकळ्या, कुठे शेजारचे दोन खांब एकत्र येऊन लांबट वडी झालेली, आणि एका कोपऱ्यात तर आखणीचा मागमूसही नाही. तुकडा बदलून पुन्हा करावं, तर कधी जमतं, कधी नाही.

अशा वेळी पहिला संशय खाचांवरच जातो. खाचा उथळ पडल्या असतील, बीम हलला असेल. मग आयन बीमच्या मशीनवर वेळ मागायचा, नवा तुकडा, नवी आखणी, पुन्हा फिल्म, पुन्हा तेच. या चक्रात मी जवळजवळ एक सत्र घालवलं. त्यातून जे हाती लागलं ते एका वाक्यात सांगता येईल: खाचांना हात लावण्याआधी आखणीच्या शेजारचा कोरा भाग बघा. बिघाड आखणीत आहे की फिल्म वाढवण्यात, हे बहुतेक वेळा तो कोरा भागच सांगतो. आपण मात्र फोटो काढताना नेमका त्यालाच चौकटीबाहेर ठेवतो.

खांब मुळात उभे का राहतात

हे नीट डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं अंधारात तीर मारण्यासारखं होतं, म्हणून थोडं सांगते.

बिस्मथ फेराइट पेरोव्हस्काइट रचनेचं, कोबाल्ट फेराइट स्पिनेल रचनेचं; स्फटिकात अणू मांडण्याच्या या दोन वेगळ्या तऱ्हा. दोघांचं एकमेकांत विरघळणं जवळजवळ नाही. लेसरने टार्गेटवरून, म्हणजे त्या द्रव्याच्या चकतीवरून, उडवलेले अणू तापलेल्या पृष्ठभागावर पडतात, काही काळ सरकत राहतात आणि आपल्या रचनेचं बेट सापडलं की तिथे बसतात. स्ट्रॉन्शियम टायटेनेटचा जालक स्थिरांक, म्हणजे स्फटिकातली मांडणी जितक्या अंतराने पुन्हा येते ते अंतर, ३.९०५ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम). बिस्मथ फेराइटचा सुमारे ३.९६, म्हणजे दीड टक्क्याच्या आतला फरक, तो सहज खपतो. कोबाल्ट फेराइटचा ८.३९, त्याचा निम्मा धरला तर ४.१९ च्या आसपास, म्हणजे सात टक्क्यांहून जास्त फरक. त्यात भर पृष्ठऊर्जेची, म्हणजे स्फटिकाचा एखादा चेहरा उघडा ठेवायला लागणाऱ्या ऊर्जेची. (००१), (१११) ही अशा चेहऱ्यांची नावं. पेरोव्हस्काइटला (००१) हा चेहरा स्वस्त पडतो, स्पिनेलला (१११). म्हणून (००१) कापाच्या तुकड्यावर बिस्मथ फेराइट पसरून बसतं आणि कोबाल्ट फेराइट गोळा होऊन खांबासारखं वर येतं. त्याच्या माथ्यावर चार उतरते (१११) चेहरे असतात, चौपाखी घराच्या छपरासारखे. एएफएममध्ये (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) ही छपरं स्वच्छ दिसली की मला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

तुकड्याचा काप (१११) असेल तर सगळी गंमत उलटते. तिथे कोबाल्ट फेराइट पसरतं आणि बिस्मथ फेराइटचे तिकोनी खांब त्यात उभे राहतात. कपाटातल्या डब्यांवरची चिठ्ठी निघालेली असेल तर हे आधी तपासा. चूक साधी आहे, पण ती होते.

या प्रकारच्या फिल्म सगळ्यांच्या नजरेत भरल्या त्या २००४ मध्ये, मेरीलँड विद्यापीठातल्या रमेश यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये बेरियम टायटेनेट आणि कोबाल्ट फेराइटचे उभे खांब दाखवले तेव्हा. त्या निबंधाच्या लेखकांत शिंदे आणि सतीश ओगले ही नावं आहेत. ओगले सर पुढे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि आयसरमध्ये होते. निबंध पहिल्यांदा हातात आला तेव्हा ती नावं वाचून मला फार बरं वाटलं होतं. त्याच गटाच्या त्याच वर्षीच्या कामात आपल्या दुखण्याचं मूळ सापडतं: वाढीचं तापमान ७५० वरून ९५० अंश सेल्सिअसवर नेलं तसे खांब सुमारे ९ नॅनोमीटरवरून सुमारे ७० नॅनोमीटर रुंद झाले. तापमान बदललं की खांबांचा आकार बदलतो आणि त्यांच्यातलं अंतरही.

विहिरींचा हिशोब

प्रत्येक खांब म्हणजे एक विहीर समजा. विहीर आजूबाजूच्या जमिनीतून पाणी ओढते, पण ठरावीक अंतरापर्यंतच. खांबही आजूबाजूला पडलेले कोबाल्ट-लोहाचे अणू ओढतो, ते गाडले जाण्याआधी जिथून सरकत येऊ शकतात तिथपर्यंत. तापमान जास्त असेल तर अणू लांबून येतात. फिल्म हळू वाढत असेल तरीही लांबून येतात, कारण सरकायला वेळ मिळतो. ढोबळ हिशोब असा की वाढीचा वेग निम्मा झाला तर हे अंतर साधारण १.४ पट होतं. कोऱ्या तुकड्यावर खांबांमध्ये जे सरासरी अंतर आपोआप पडतं, त्याला मी त्या फिल्मचं नैसर्गिक अंतर म्हणते.

आता खाचा पाडल्या म्हणजे आपण विहिरींच्या जागा आखून दिल्या. खाचेत पृष्ठभागाचा स्पर्श जास्त मिळतो, पायऱ्या असतात, म्हणून कोबाल्ट फेराइट आधी तिथे बसतं. पण आपली आखणी नैसर्गिक अंतराशी जुळली तरच ही व्यवस्था टिकते. खाचा त्याहून फार लांब असतील तर मधल्या जमिनीतलं पाणी कोणाच्याच विहिरीला पोचत नाही आणि तिथे नवी विहीर पडते, म्हणजे खाचांच्या मध्ये आगंतुक खांब उगवतात. खाचा फार जवळ असतील तर एक विहीर शेजारचीचं पाणी पळवते, म्हणजे काही खाचा कोरड्या राहतात किंवा दोन खांब एक होतात.

म्हणून चित्र ‘बिघडलं’ एवढं म्हणून भागत नाही. कसं बिघडलं ते लिहा. मध्ये जास्तीचे खांब आले असतील तर नैसर्गिक अंतर कमी झालं आहे. खाचा रिकाम्या आणि खांब एकमेकांत मिसळलेले असतील तर ते वाढलं आहे. वरच्या चित्रात ते वाढलं होतं. आखणी ८० नॅनोमीटरचीच होती, फिल्मला मात्र आता जास्त अंतर हवं होतं.

कोरा भाग काय सांगतो

आखणीपासून निदान काही मायक्रोमीटर दूर जा, म्हणजे खाचांचा प्रभाव संपेल. तिथे त्याच मोठेपणावर चार-पाच फोटो घ्या, खांब मोजा, सरासरी अंतर काढा. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यातच खांबांनी व्यापलेलं क्षेत्र किती टक्के आहे हेही काढून ठेवा, पुढे लागेल.

अंतर चांगल्या नमुन्याइतकंच आलं, खांबांची घडणही तीच, तरी आखणीतले खांब चुकले असतील तर दोष आखणीत आहे. अंतर बदललं असेल तर दोष वाढीत आहे, आणि खाचा कितीही सुबक पाडल्या तरी उपयोग नाही. आणि कोऱ्या भागात सुटे चौकोनी खांबच नसतील, त्याऐवजी नागमोडी, एकमेकांत गुंतलेल्या भिंती असतील, तर आधी मिश्रणाचं प्रमाण तपासायचं.

माझ्या अनुभवात तीनपैकी दुसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा निघते, आणि तिचा संशय सर्वांत शेवटी येतो.

अंतर बदललं: लेसर की तापमान?

दोन्हींनी अंतर बदलतं, मग ओळखायचं कसं? फिल्मची जाडी मोजा. एक्स-रे रिफ्लेक्टिव्हिटीने मोजा किंवा कोपरा झाकून तयार केलेल्या पायरीवर प्रोफाइलोमीटर (उंची मोजणारी सुई) फिरवा. तेवढ्याच पल्समध्ये फिल्म पातळ भरली आणि खांबांमधलं अंतर वाढलं, तर लेसरची ऊर्जा टार्गेटपर्यंत पोचत नाही. जाडी तीच आणि अंतर वेगळं, तर तापमान सरकलं आहे. एकाच तुकड्यावर या टोकाला एक अंतर आणि त्या टोकाला दुसरं असेल, तर तुकडा हीटरला नीट चिकटला नव्हता.

लेसरची गोष्ट आमच्याकडे अशी घडली. आमचा क्रिप्टॉन फ्लोराइडचा एक्सायमर लेसर, २४८ नॅनोमीटरचा. ऊर्जा रोज मोजायचो, वहीत लिहायचो, आकडा रोज तोच. त्यामुळे लेसरवर कुणाचा संशय नव्हता. एकदा चेंबर उघडा असताना व्हॅक्यूमचं काम बघणारे काका शेजारी उभे होते. मी मीटर लेन्सच्या पुढे धरून मोजत होते. ते म्हणाले, “ताई, बाहेर मोजून काय उपयोग? खिडकीतून आत किती जातंय ते बघा की.”

मीटर विंडोच्या, म्हणजे चेंबरच्या काचेच्या खिडकीच्या, अलीकडे होता. किरण विंडोतून चेंबरमध्ये शिरतो आणि प्रत्येक रनमध्ये टार्गेटवरून उडणारं थोडं द्रव्य त्या विंडोच्या आतल्या बाजूवर बसतं. काकांनी बोल्ट काढून विंडो हातात दिली. उजेडाकडे धरली तर काच स्वच्छच वाटली. मी ती टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली, तेव्हा कुठे चहाच्या जुन्या डागासारखी तपकिरी झाक दिसली, कडेकडे फिकट होत गेलेली. २४८ नॅनोमीटरच्या किरणाला एवढी झाक पुष्कळ अडवते. आधी मीटर पलीकडे धरून मोजलं, मग विंडो साफ करून पुन्हा मोजलं. डागाळलेली विंडो साफ विंडोच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा आत सोडत होती. एका दिवसात हे झालेलं नव्हतं. रनमागून रन थोडं थोडं साचत गेलं, फिल्म हळू वाढू लागली, अंतर वाढत गेलं, आणि एका रनला ते ८० नॅनोमीटरच्या आखणीला झेपेनासं झालं. म्हणून आम्हाला वाटत राहिलं की ‘अचानक बिघडलं’.

तेव्हापासून टार्गेट बाजूला करून मीटर चेंबरच्या आत ठेवायचा, चेंबर बंद करण्याआधी विंडोपलीकडची ऊर्जा मोजायची, आणि ती ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत लेसरचं व्होल्टेज किंवा अॅटेन्युएटर हलवायचा, हा शिरस्ता आहे. या फिल्मसाठी टार्गेटवर साधारण १ ते ३ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर अशी घनता वापरतात. घनता म्हणजे ऊर्जा भागिले डागाचं क्षेत्र, तेव्हा डागही मोजायला हवा. थर्मल कागदाचा तुकडा टार्गेटच्या जागी धरून एक पल्स मारा आणि उमटलेला डाग पट्टीने मोजा. लेन्स दोन मिलिमीटर सरकली असली तरी या कागदावर ते कळतं.

टार्गेटचंही तसंच. फिरत्या टार्गेटवर त्याच वर्तुळात लेसर पडत राहिला की तिथे चर पडतो, पृष्ठभागावर किरणाच्या दिशेने झुकलेले बारीक सुळके तयार होतात आणि प्लूम, म्हणजे उडालेल्या द्रव्याचा झोत, हळूहळू लेसरकडे कलतो. तुकडा जागचा हलत नाही, पण प्लूमचा मध्य त्याच्यावरून सरकतो. प्रत्येक रनआधी टार्गेट पॉलिश पेपरवर घासून सपाट करा आणि शटर बंद ठेवून आधी काही शे पल्स वाया जाऊ द्या. दोन टार्गेट आळीपाळीने वापरत असाल तर दोन्हींना सारखी वागणूक द्या. एकच घासलं तर दोघांचं प्रमाण तिथेच बिघडतं.

आता तापमान. हीटरचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हीटरचं तापमान सांगतं, तुकड्याच्या पृष्ठभागाचं नाही. दोघांत ५० ते १०० अंशांचा फरक सहज असतो. फरक नेहमी तेवढाच राहिला तर चालून जातं, पण तो राहत नाही, आणि त्याचं कारण सिल्व्हर पेस्ट. साधा स्ट्रॉन्शियम टायटेनेट पारदर्शक असतो, हीटरची उष्णता त्याला मुख्यतः पेस्टमधून मिळते. पेस्ट जाड लावली, घाईने तापवली, की आतलं द्रावक उकळून बुडबुडा धरतो आणि तेवढा भाग हीटरपासून सुटतो.

हे तपासायला एक सोपी खूण आहे. रन झाल्यावर तुकडा सोडवला की आपण लगेच फिल्मची बाजू बघतो. आधी तो उलटा करा. मागे चांदीचा सलग, मंद राखाडी थर असेल तर ठीक. मध्ये किंवा कडेला टक्कल पडल्यासारखा मोकळा गोल असेल, तर त्या गोलाच्या बरोबर वरच्या फिल्मचा फोटो घ्या. तिथले खांब बारीक आणि दाट दिसतील, कारण तो भाग थंड राहिला. माझ्या एका नमुन्यात आखणीचा एक कोपरा नेमका अशा गोलावर आला होता. तीन कोपऱ्यांत खांब ओळीत, चौथ्यात खाचांच्या मध्येच गर्दी. त्या कोपऱ्यासाठी मी आयन बीमला दोष देत होते.

पेस्ट पातळ लावा, तुकडा हलकेच दाबून किंचित फिरवा म्हणजे हवा निघते, मग हीटर सव्वाशे-दीडशे अंशांवर निदान अर्धा तास ठेवा आणि त्यानंतरच वर न्या. अर्ध्या तासाचा कंटाळा करू नका.

आणखी एक फसगत मुद्दाम सांगते, कारण ती लवकर सुचत नाही. कृती बसवताना आपण साधे, पारदर्शक तुकडे वापरतो, ते स्वस्त पडतात. आखणीसाठी मात्र नायोबियम मिसळलेला तुकडा घेतो, कारण तो वीज वाहतो आणि आयन बीमखाली त्यावर भार साचत नाही. नायोबियमवाला तुकडा काळपट असतो, तो उष्णता वेगळ्या रीतीने शोषतो आणि बाहेर टाकतो. हीटरचा आकडा तोच ठेवला तरी पृष्ठभाग त्याच तापमानाला असेल असं नाही. ज्या जातीच्या तुकड्यावर आखणी करणार, त्याच जातीच्या कोऱ्या तुकड्यावर नैसर्गिक अंतर मोजा आणि मगच खाचांचं अंतर ठरवा. आम्ही उलट क्रमाने गेलो होतो.

कोऱ्या भागात भिंतीच भिंती: बिस्मथ उडतोय

बिस्मथचं ऑक्साइड बाष्पशील. तापमान थोडं जास्त किंवा ऑक्सिजनचा दाब थोडा कमी झाला की पृष्ठभागावरून बिस्मथ निघून जातो. म्हणूनच टार्गेटमध्ये बहुतेक जण १० ते २० टक्के बिस्मथ जास्तीचा घालतात. पण बिस्मथ गेल्यावर मागे उरलेल्या लोहाचं काय होतं, याचा विचार सहसा केला जात नाही. ते लोह ऑक्साइड बनून बसतं, आणि त्याची जी स्पिनेल रूपं आहेत, मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट, त्यांचा जालक स्थिरांक ८.३५ ते ८.४० अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात, कोबाल्ट फेराइटच्या अगदी शेजारी. मग ते लोह कोबाल्ट फेराइटच्या खांबांतच सामावतं. खांब फुगतात, क्षेत्र वाढतं, एकमेकांना टेकतात आणि भिंती होतात. पल्सचं प्रमाण तुम्ही बदललेलंच नसतं.

स्फटिकाची रचना ओळखायचा एक्स-रे डिफ्रॅक्शन इथे खोटी शाश्वती देतो. तांब्याच्या एक्स-रे किरणात कोबाल्ट फेराइटचं (००४) शिखर ४३.१ अंशांच्या आसपास येतं, मॅगहेमाइटचं ४३.३ च्या आसपास. बिस्मथ फेराइटशी उभ्या भिंतीने जखडल्यामुळे कोबाल्ट फेराइटचं शिखर तसंही थोडं उजवीकडे सरकतं. दोन्ही एकमेकांवर बसतात आणि आपण ‘फक्त दोनच फेज’ असं लिहून मोकळे होतो. मीही लिहिलं आहे. बिस्मथ जास्त झाला तर त्याच्या ऑक्साइडची शिखरं २७ ते ३३ अंशांच्या दरम्यान डोकं वर काढतात, ते निदान दिसतं. कमी झालेला बिस्मथ असा लपून राहतो.

ईडीएसही, म्हणजे एक्स-रेच्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची मोजणीही, जपून वापरा. कोबाल्टची मुख्य रेषा ६.९३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि लोहाची दुसरी रेषा ७.०६ ला, एकमेकींना जवळजवळ चिकटून. लोह भरपूर आणि कोबाल्ट थोडं असं मिश्रण असताना सॉफ्टवेअर लोहाचा काही भाग कोबाल्टच्या खात्यात टाकू शकतं. कोबाल्टची ७.६५ ची रेषा स्वतः डोळ्यांनी बघा, आणि बिस्मथ-लोह गुणोत्तरासाठी आधी नुसत्या बिस्मथ फेराइटची फिल्म त्याच परिस्थितीत वाढवून तिची तुलना करा.

माझा भरवसा दोन साध्या गोष्टींवर आहे. एक, इमेजजेमधून काढलेलं खांबांचं टक्केवारी क्षेत्र. दोन्ही टार्गेटचा सुटा वेग माहीत असेल तर पल्सच्या प्रमाणावरून ते किती यायला हवं हे आधीच काढता येतं. त्याहून बरंच जास्त आलं तर बिस्मथ गेला. दोन, चुंबकीय वळसा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र पुढे-मागे फिरवताना फिल्मच्या चुंबकत्वाचा निघणारा आलेख. कोबाल्ट फेराइट चुंबकीयदृष्ट्या कडक, मॅगहेमाइट मऊ. खांबांत लोहाची भर पडली की वळशाची रुंदी घटते, आणि मऊ भाग सुटा राहिला असेल तर शून्य क्षेत्राजवळ एक पायरी किंवा बारीक कंबर दिसते. ती दिसली की आम्ही तापमान २०-२५ अंशांनी उतरवतो किंवा दाब वाढवतो, आणि मग नैसर्गिक अंतर पुन्हा मोजतो, कारण तापमान उतरवलं की अंतरही कमी होतं. एक दुरुस्त करताना दुसरं हलतं, हे इथलं खरं दुखणं आहे. म्हणून एका रनमध्ये एकच गोष्ट बदला.

दाबाचं थोडक्यात: गेज पंपाच्या तोंडाशी असेल तर तो तुकड्याजवळचा दाब सांगत नाही. गेजची जागा बदलली असेल तर जुनी कृती नव्याने बसवावी लागते.

दोष खरोखर आखणीत असेल तर

कोरा भाग ठणठणीत आणि आखणीतच गडबड, तेव्हाच इकडे वळा.

गॅलियमच्या आयन बीमने खाच पाडली की तिच्या भिंती आणि तळ अस्फटिक होतात, त्यात गॅलियम रुततं, आणि उडालेलं द्रव्य कडेला परत बसतं. अशा खाचेवर कोबाल्ट फेराइट बसलं तरी त्याला दिशा सापडत नाही. फिल्मआधी तुकडा ऑक्सिजनमध्ये तापवून आणि हलकं रासायनिक धुऊन हा थर काढावा लागतो. पण तापवणं फार लांबलं तर पृष्ठभागावरचे अणू सरकून उथळ खाचा भरून येतात. तापवण्याआधी आणि नंतर एएफएमने खोली मोजा. नंतरचा फोटो घेतला नसेल तर फिल्मखाली खाचा उरल्या होत्या की नाही हे कधीच कळणार नाही.

आखणीची दिशाही बघा. खांबांच्या बाजू स्फटिकाच्या <११०> दिशांना समांतर असतात. तुकडा बीमखाली तिरका बसला असेल तर चौकोनी खांब शेजाऱ्याला कोपऱ्याने भिडतात आणि तिथेच मिसळतात. तुकड्याची कड बहुधा <१००> असते, तिच्यापासून ४५ अंशांवर आखणी फिरवा.

एमआयटीमधल्या कॅरोलाइन रॉस यांच्या गटाने खाचांच्या वाटेने या फिल्म ओळीत आणल्या, तर व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गटाने इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफीने (इलेक्ट्रॉनांच्या झोताने केलेल्या आखणीने) आधी कोबाल्ट फेराइटची बेटं पेरली आणि मग दोन्ही ऑक्साइड एकत्र वाढवले. मला दोन्हींमधला बियाणं पेरण्याचा विचार फार पटतो, आणि खाचा वापरतानाही तो उपयोगी आहे: एकत्र वाढ सुरू करण्याआधी नुसत्या कोबाल्ट फेराइटचे थोडे पल्स द्या, म्हणजे खाचा आधी भरतात आणि जागा पक्क्या होतात. किती पल्स, हे खाचांच्या एकूण आकारमानावरून काढा. अंदाजाने वाढवत गेलात तर उरलेलं द्रव्य खाचांबाहेर बेटं करून बसतं आणि तुम्हीच आगंतुक खांबांचं बी पेरलेलं असतं.

विद्युत मोजणीत फिल्म गळकी निघते, म्हणजे तिच्यातून वीज झिरपते, ही तक्रार वेगळी आहे. पुष्कळदा कारण ऑक्सिजनची उणीव असते, त्यासाठी रन संपल्यावर काही शे टॉर (दाबाचं एकक) ऑक्सिजनमध्ये सावकाश थंड करा. खांबांच्या ओळींशी तिचा फारसा संबंध नाही, तेव्हा दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायला जाऊ नका.

आता आम्ही करतो ते

आखणीच्या तुकड्याशेजारी त्याच जातीचा एक छोटा कोरा तुकडा त्याच पेस्टने, त्याच वेळी चिकटवतो. आयन बीमचा वेळ मिळायला आठवडे लागतात, त्यामुळे महत्त्वाच्या आखणीआधी नुसत्या कोऱ्या तुकड्याचा एक रन घेतोच. त्या दिवशी काम पुढे सरकलं नाही असं नव्या मुलांना वाटतं. मी त्यांना जुने फोटो दाखवते, तेच, रिकाम्या खाचा आणि लांबट वड्यांचे.

वहीत प्रत्येक रनच्या पानावर चार आकडे असतात: विंडोपलीकडची ऊर्जा, फिल्मची जाडी, कोऱ्या भागातलं खांबांचं अंतर आणि त्यांचं टक्केवारी क्षेत्र. खाली तुकड्याच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर काढलेला फोटो चिकटवलेला. अंतर मागच्या पानापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त हललं असेल तर आखणीचा तुकडा डब्यातच राहतो, आणि काकांना विंडो काढायला सांगतो.